दिवाणखान्यातले देव आणि देवघरातले देव

धातूचा देव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे देवघर उभे राहते. ताम्हनात ठेवलेली अन्नपूर्णा, लोण्याचा गोळा हातात घेऊन रांगणारा बाळकृष्ण, चांदीच्या टाकावरचा घोड्यावर बसलेला खंडोबा, एखादी पितळी घंटा. त्यांना रोज स्नान, गंध, फूल. एकोणिसाव्या शतकात, म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्या ज्या काळात हे देव माहेराहून सासरी नेत होत्या त्याच काळात, पॅरिस शहरात धातूचे देव शेकड्यांनी घडत होते. पण ते देवघरात जात नव्हते. ते दिवाणखान्यात, शेकोटीच्या वरच्या फळीवर, घड्याळाच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसत. त्यांना कोणी नमस्कार करीत नसे. पाहुणा आला की घराची अभिरुची म्हणून ते दाखवले जात. देव तोच धातूचा, पण एक पूजेचा आणि दुसरा शोभेचा. हा फरक कसा पडला, आणि तो आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्या मराठी घरांना काय सांगतो, हे मांडण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

विषय दूरचा वाटेल. पण ग्वाल्हेरच्या माधवगंजात राहणाऱ्याला तो तितका दूर नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. या शहरातले मराठी वाडे, गणपती, राममंदिरे आणि त्यांच्यापासून फार दूर नसलेला जयविलास राजवाडा ही एकाच इतिहासाची दोन टोके आहेत. जयाजीराव शिंद्यांनी हा राजवाडा १८७४ साली सर मायकेल फिलोज यांच्याकडून बांधून घेतला. त्याच्या दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची आहेत, आणि छताला ती पेलतील की नाही हे पाहण्यासाठी छतावर हत्ती चढवले होते, ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. १९६४ साली राजवाड्याच्या एका भागात जिवाजीरावांच्या स्मरणार्थ संग्रहालय उघडले. त्यात युरोपातून आणलेल्या सामानाबरोबर ग्रीक पुराणातल्या लीडा आणि हंसाचा पुतळाही आहे. तो ब्राँझचा नाही, संगमरवरी आहे. आणि त्याची कथा अशी आहे की शाळेची सहल तिथून जरा घाईनेच पुढे काढावी लागते. देवांचा राजा झ्यूस हंसाचे रूप घेऊन राणी लीडाकडे आला, ही ती कथा. आपल्या पुराणांतही इंद्राच्या अशा गोष्टी आहेत. पण इंद्राचा तसला पुतळा करून कोणी बैठकीत मांडला नाही.

शिंद्यांचा फ्रेंच शिल्पाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. महादजी शिंद्यांची कवायती फौज उभी करणारा बेनवा डी बॉईन हा मूळचा आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या साव्हॉय प्रांतातल्या शांबेरी गावचा. १७८४ मध्ये तो महादजींच्या चाकरीत आला, अमाप पैसा मिळवून परत गेला आणि त्यातला बराच पैसा त्याने आपल्या गावाला दिला. १८३० साली तो वारला. गावाने १८३८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ एक कारंजे उभारले. शिल्पकार होता पिएर-व्हिक्तॉर साप्पे. उंच खांबावर सेनापती, आणि खाली चार दिशांना तोंड केलेले चार हत्ती. हत्ती ओतीव लोखंडाचे आहेत आणि फक्त पुढचा अर्धा भाग घडवून ते एकमेकांना जोडलेले आहेत. त्यामुळे गावकऱ्यांनी त्यांना ‘बूड नसलेले चौघे’ असे नाव पाडले. साव्हॉय तेव्हा फ्रान्समध्ये नव्हते, १८६० मध्ये झाले. पण आज फ्रान्सच्या एका शहराच्या मध्यभागी जे हत्ती सोंडेतून पाणी उडवीत उभे आहेत, त्यांचे मूळ शिंद्यांच्या पिलखान्यात आहे असे म्हणायला हरकत नाही.

आता पॅरिसच्या त्या ब्राँझच्या देवांकडे वळू. हे देव इतक्या संख्येने घरोघर कसे पोचले? याचे उत्तर कलेपेक्षा यंत्रात अधिक आहे. आशिल कोलास नावाच्या कारागीर-संशोधकाने १८३० नंतरच्या दशकात मोठ्या पुतळ्याची लहान प्रतिकृती अचूक काढणारे यंत्र तयार केले. आपण शाळेत नकाशा लहान-मोठा करण्यासाठी जे जोडदांड्यांचे साधन वापरतो, त्याच तत्त्वावर हे चालत असे. एका टोकाची बोथट सुई मूळ पुतळ्याच्या अंगावरून फिरे आणि दुसऱ्या टोकाची धारदार सुई त्याच प्रमाणात लहान आकार प्लास्टरमध्ये कोरत जाई. १८३८ साली कोलासने फेर्दिनाँ बार्बेदिएन या व्यापाऱ्याशी भागीदारी केली. १८२० मध्ये मिलोस बेटावर सापडलेली व्हीनसची प्रसिद्ध मूर्ती लूव्र संग्रहालयात होती. तिच्या लहान ब्राँझ प्रती हा या कारखान्याच्या मालातला एक मोठा विक्रीचा नग ठरला. एकच मूर्ती चार-पाच मापांत मिळे. ज्याची जशी ऐपत, तशी त्याची व्हीनस.

ओतकामाची रीतही या व्यापाराला सोयीची होती. फ्रेंच कारखाने तेव्हा बहुतांशी रेतीच्या साच्यात ओतीत. आधी एक पक्का नमुना ब्राँझमध्येच घडवून तो सुट्या भागांत ठेवायचा. प्रत्येक भाग बारीक, चिकण रेतीत दाबून त्याचा ठसा घ्यायचा, आत पोकळी राहावी म्हणून गाभा बसवायचा आणि तांबे-कथलाचा रस ओतायचा. थंड झाल्यावर रेती फोडायची, भाग जुळवायचे. मग छिन्नीवाला सांधे घासून नाहीसे करी, केसांच्या बटा आणि बोटांची पेरे पुन्हा उठवी. आणि शेवटी रंगकाम करणारा आम्ले आणि उष्णता वापरून धातूवर तपकिरी किंवा हिरवट छटा आणी. नमुना शाबूत राहात असल्याने एकाच देवाच्या कितीही प्रती निघत. शिल्पकाराला प्रत्येक प्रतीमागे ठरलेला वाटा मिळे. ज्यांना ब्राँझ परवडत नसे त्यांच्यासाठी जस्तात ओतून वरून ब्राँझचा रंग दिलेले देवही बाजारात होते.

विषय मात्र बहुतेक पुराणांतले. फ्रांस्वा र्‍यूदचा मर्क्युरी, म्हणजे देवांचा निरोप्या, पायातल्या पंख असलेल्या जोड्याचा बंद बांधता बांधता आकाशाकडे झेपावतो आहे. ही मूर्ती १८३४ मध्ये ब्राँझमध्ये ओतली गेली. आंत्वान-लुई बारी हा मूळचा सोनाराच्या हाताखाली शिकलेला शिल्पकार. तो पॅरिसच्या प्राणिबागेत तासन् तास बसून वाघ-सिंहांचा अभ्यास करी. १८४३ मध्ये त्याने थीसियस हा वीर बैलाच्या तोंडाच्या मिनोटॉर राक्षसाला मारतो आहे असा समूह केला. भीमाने बकासुराला धरले तेव्हा तो असाच दिसला असेल, असे ते चित्र पाहताना मला नेहमी वाटते. आपल्या मूर्ती आपणच ओतून विकाव्यात म्हणून बारीने स्वतःचा कारखाना काढला. पण १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत कर्जापायी त्याला आपले नमुने सावकाराच्या स्वाधीन करावे लागले आणि ते सोडवून घ्यायला बरीच वर्षे गेली. पुढे फाल्गिएरने शिकारीची देवी डायना घडवली, तेव्हा ही देवी नसून पॅरिसच्या रस्त्यावरची आजची बाई आहे अशी टीका झाली. टीका झाली आणि मूर्तीच्या लहान प्रतीही खपल्या.

आमच्या वर्गात एकदा इतिहासाच्या तासाला मी एका पुस्तकातले मर्क्युरीचे चित्र मुलांना दाखवले. कथा सांगितली, जोड्याचे पंख दाखवले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, इसकी पूजा अब कौन करता है?” घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशी ती मुलगी, प्रश्न तिने हिंदीत विचारला, पण तो विचारला तिच्या घरच्या देवघराने. मी उत्तर दिले की कोणी करीत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली आणि देवळे ओस पडली. ती म्हणाली, “फिर मूर्ती क्यों बनाते हैं?”

या प्रश्नात सगळा विषय आला. पूजा थांबली म्हणूनच फ्रेंच शिल्पकार मोकळा झाला. मर्क्युरीचे नाक कसे असावे हे सांगणारा पुजारी नव्हता, डायनाला आजच्या बाईचा चेहरा दिला तर सोवळे मोडत नव्हते. देव मेले होते, कथा उरल्या होत्या. कलाशाळेत त्या कथा शिकाव्याच लागत. रोमला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळवायची तर स्पर्धेचा विषय बायबलातला नाहीतर ग्रीक-रोमन पुराणांतला असे. उघडे मानवी शरीर दाखवण्याला समाजाची जी हरकत होती, ती देवाचे नाव दिले की मावळे. विकत घेणाऱ्या नव्या श्रीमंत व्यापाऱ्यालाही या मूर्तींमुळे आपण शिकलेल्या लोकांत मोडतो असे दाखवता येई.

पण म्हणून त्या कथा नुसत्या शोभेच्या होत्या असे समजणे बरोबर होणार नाही. १८७० मध्ये प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला. सम्राट कैद झाला, पॅरिसला वेढा पडला, दोन प्रांत हातचे गेले. त्या दुःखात राष्ट्राला बोलायला शब्द नव्हते, तेव्हा जुन्या कथा कामाला आल्या. आंतोनँ मेर्सिए या तरुण शिल्पकाराने १८७२ मध्ये ब्राँझचा डेव्हिड मांडला. राक्षसासारख्या गोलायथचे मुंडके पायाखाली घेऊन तो कोवळा मुलगा तलवार म्यान करतो आहे. कथा बायबलातली, पण बलाढ्य शत्रूला लहान मुलगा हरवू शकतो हे फ्रेंच माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १८७४ मध्ये त्याच मेर्सिएचा ‘ग्लोरिया व्हिक्टिस’ हा समूह आला. पंख असलेली एक देवता मरणाऱ्या सैनिकाला खांद्यावर घेऊन उडते आहे. नावाचा अर्थ ‘पराभूतांचा जयजयकार’. ‘पराभूतांचा धिक्कार असो’ ही प्राचीन रोमच्या इतिहासातली म्हण त्याने उलटी केली. पॅरिस नगरपालिकेने तो समूह विकत घेतला आणि बार्बेदिएनच्या कारखान्यातून त्याच्या लहान प्रती घरोघर गेल्या. ज्यांचा मुलगा लढाईत पडला होता अशा घरातल्या फळीवर ती प्रत केवळ शोभेची वस्तू राहिली असेल काय? त्याच वर्षी फ्रेमिएचा जोन ऑफ आर्कचा अश्वारूढ पुतळा पॅरिसच्या चौकात उभा राहिला.

हे वाचताना ग्वाल्हेरच्या माणसाला फुलबाग आठवल्यावाचून राहात नाही. जून १८५८ मध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी इथेच देह ठेवला. तिथे त्यांची समाधी आहे आणि घोड्यावर बसलेला पुतळाही आहे. त्या जूनमध्ये शिंदे सरकार आग्र्याकडे निघून गेले होते आणि राणी, तात्या टोपे व रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर ताब्यात घेतले होते. एकाच शहरातल्या मराठी माणसांची दोन बाजूंना वाटणी झाली होती. हा इतिहास इथल्या मराठी घरांत हळू आवाजात सांगितला जातो. पराभवानंतर फ्रान्सला चार वर्षांत ब्राँझची देवता मिळाली. आपल्याकडे राणीची गोष्ट आधी पोवाड्यांत, गाण्यांत आणि आजीच्या तोंडी राहिली. धातूला तिची पाळी फार उशिरा आली.

असे का झाले? आपल्याकडे त्या शतकात शिल्पकार नव्हते असे नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत युरोपीय पद्धतीचे शिल्प शिकवले जात होते. गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने तिथे असतानाच ‘मंदिरपथगामिनी’ ही मूर्ती घडवली आणि १८९६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात तिला रौप्यपदक मिळाले. नऊवारी नेसलेली, पूजेचे साहित्य हाती घेऊन देवळाकडे निघालेली तरुणी. रवींद्रनाथ ठाकुरांनीही या मूर्तीवर लेख लिहिला. मला या मूर्तीत विशेष वाटते ते हे की म्हात्र्यांनी देवी घडवली नाही, देवीकडे जाणारी बाई घडवली. पुढे त्यांनी सरस्वती घडवली आणि शबरीच्या, म्हणजे भिल्लिणीच्या वेषातली पार्वतीही घडवली. पण ज्या मूर्तीने त्यांचे नाव झाले ती भक्ताची आहे. डायनाला शेजारणीचा चेहरा देणे फाल्गिएरला जमले, कारण डायनाचे देऊळ कुठे उघडे नव्हते. म्हात्र्यांच्या पार्वतीचे देऊळ गल्लोगल्ली होते.

दुसरे कारण साधे आहे. ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरची आहे. माणसाएवढा पुतळा कलात्मक रीतीने ब्राँझमध्ये ओतणारे, छिन्नीवाल्यांपासून रंगकाम करणाऱ्यांपर्यंत सगळे कसबी एका छपराखाली असलेले पॅरिससारखे कारखाने तेव्हा आपल्याकडे नव्हते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी ब्राँझ, संगमरवर आणि भाजक्या मातीची शिल्पे हवी म्हणून ऑगुस्तो फेलिची हा इटालियन शिल्पकारच बोलावून घेतला.

परंतु बार्बेदिएनने पॅरिसमध्ये जे धातूत केले, ते आपल्याकडे कागदावर झाले. आणि तेही मराठी मुलखात. राजा रविवर्म्यांनी बडोद्याच्या दरबारासाठी चौदा पौराणिक चित्रे केली. ती बडोद्याला जाण्यापूर्वी मुंबईत लोकांना दाखवली तेव्हा पाहायला गर्दी लोटली. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एका चित्राच्या हजारो प्रती निघू लागल्या. लक्ष्मी आणि सरस्वती साडी नेसून, दागिने लेऊन, ओळखीच्या घरातल्या सुनेसारख्या दिसू लागल्या. यंत्र युरोपचे, रेखाटण्याची रीत युरोपची, एकाच्या हजार प्रती काढण्याची कल्पनाही युरोपची. पण प्रत घरात आली आणि गोष्ट बदलली. लोकांनी तिला चौकट केली, गंध लावले, हार घातला. काही घरांत तर साडीच्या काठावर खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या. पॅरिसमध्ये देव दिवाणखान्यात जाऊन शोभेचा झाला. आपल्याकडे दिवाणखान्यासाठी छापलेले चित्र देवघरात जाऊन देव झाले.

आता आपल्या धातूच्या देवाविषयी. या बाबतीत सीमाभागातल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. मेणाच्या मूर्तीभोवती माती लिंपून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत ज्या जुन्या ग्रंथांत सविस्तर दिली आहे त्यांपैकी एक म्हणजे ‘मानसोल्लास’. बाराव्या शतकातला हा संस्कृत ग्रंथ कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा. म्हणजे बिदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणचा. मेणाची मूर्ती कशी करायची, तिला नळ्या कुठे लावायच्या, मातीचे थर किती आणि कसे द्यायचे, मेण तोलून त्यावरून धातू किती घ्यायचा, हे सगळे त्यात आहे. आणि गंमत अशी की याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात असाही उल्लेख आहे. राजा कानडी मुलखाचा, ग्रंथ संस्कृत आणि त्यात ओवी मराठी बायकांची. दोन भाषांच्या हद्दीवर राहणे ही आपल्याकडे आजची गोष्ट नाही.

या रीतीत आणि फ्रेंच रेतीच्या रीतीत एक मोठा फरक आहे. मेणाचे रूप वितळून जाते आणि मातीचा साचा मूर्ती काढताना फोडावाच लागतो. म्हणून प्रत्येक मूर्ती नव्याने घडवावी लागते. अगदी तिच्यासारखी दुसरी निघत नाही. ओताऱ्याच्या हातची अन्नपूर्णा घराघरात वेगळी दिसते ती त्यामुळे. दुसरा फरक मूर्ती घरी आल्यानंतरचा. पॅरिसच्या ब्राँझवरची तपकिरी छटा हीच त्याची किंमत. ती कधी घासायची नाही, घासली तर मूर्ती बिघडली असे जाणकार म्हणतात. आपल्याकडे देव घासलाच पाहिजे. चिंच, रांगोळी, राख, अलीकडे पितांबरी. सणाच्या आदल्या दिवशी देव उजळले नाहीत तर सण लागत नाही. तीन-चार पिढ्यांत अन्नपूर्णेचे नाक बसते, डोळे पुसले जातात, हातातली पळी नुसती काडी होते. संग्रहालयाच्या हिशेबाने हा नाश आहे. पण ती झीज कोणाकोणाच्या बोटांनी झाली आहे हे घरातल्यांना ठाऊक असते.

विसाव्या शतकात हे दोन प्रवाह मराठी शिल्पकारांच्या हातात काही ठिकाणी एकत्र आले. सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर यांचा शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ ब्राँझ पुतळा १९२८ मध्ये पुण्यात बसला. तो मुंबईत माझगावला ओतला गेला होता. आपल्याकडेही मोठे ओतकाम होऊ शकते हे त्याने सिद्ध केले. वसईचे रघुनाथ कृष्ण फडके धार संस्थानात गेले आणि तिथलेच झाले. माळव्याच्या त्या गावात राहून त्यांनी आयुष्यभर काम केले आणि १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्यासारख्या मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांना त्यांचे नाव विशेष जवळचे. आणि १९५४ मध्ये शिर्डीला बसलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांची. हीही कला युरोपीय पद्धतीच्या शिक्षणातून आलेली, माणूस हुबेहूब घडवणारी. पण आज तिच्यापुढे रोज हजारो माणसे हात जोडतात. फ्रेंच शिल्पकाराच्या वाट्याला हे भाग्य आले नाही; आणि त्याला जी मोकळीक मिळाली ती तालमांना मिळणेही शक्य नव्हते.

तात्पर्य, एकीकडे पूजा गेली आणि कथा मोकळी झाली. दुसरीकडे पूजा राहिली आणि रूप बांधलेले राहिले. यातले चांगले कोणते हा निवाडा मला करायचा नाही. मला काळजी आहे ती तिसऱ्याच अवस्थेची, आणि ती आपल्या घरांत येते आहे. लष्करातले जुने वाडे पडून तिथे इमारती झाल्या. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा देवांच्याही झाल्या. टाक एकाकडे, बाळकृष्ण दुसऱ्याकडे, समई तिसऱ्याकडे. मुले इंदूरला, पुण्याला, परदेशी गेली. ज्या घरात रोज पूजा होणे शक्य नाही तिथे अन्नपूर्णा काचेच्या कपाटात आली. घासावी लागू नये म्हणून तिच्यावर पारदर्शक रोगणाचा थर आला. काही देव जुन्या वस्तूंच्या दुकानातही गेले. याला मी दोष देत नाही. नोकरी करणाऱ्या सुनेने पहाटे उठून बारा देव घासावेत असे म्हणणारा मी कोण? पण पॅरिसच्या फळीवरच्या मर्क्युरीला पूजा नसली तरी कथा होती. शाळेत ती शिकवली जात होती, घरचा मुलगा ती सांगू शकत होता. आपल्या काचेच्या कपाटातल्या देवाला पूजा नाही आणि कथाही नाही अशी वेळ आली, तर तो ना देवघरातला राहील ना दिवाणखान्यातला.

दोन भाषांच्या जिल्ह्यांत ही अडचण दुप्पट आहे, कारण देवांची नावेच भाषेबरोबर बदलतात. आपला खंडोबा शेजारच्या कानडी घरात मैलार आहे. टाकावरचा घोडा तोच, भंडारा तोच. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याकडे रेणुका. आमच्याकडे उत्तरेत तर अन्नपूर्णेला पाहुणे काशीची म्हणतात आणि टाक म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागते. ज्या मुलाला खंडोबा आणि मैलार ही दोन्ही नावे ठाऊक आहेत, त्याच्याजवळ दोन्ही घरांची गोष्ट आहे. ज्याला एकही ठाऊक नाही त्याच्या हातात फक्त चांदीचा पत्रा उरतो, आणि चांदीचा भाव तर कोणीही सांगेल.

१९४१ च्या ऑक्टोबरात फ्रान्सच्या सरकारने कायदा करून चौकाचौकांतले ब्राँझचे पुतळे उतरवायला सांगितले. युद्धाला धातू हवा होता. कित्येक वीर आणि देवता भट्टीत गेल्या. तरीही त्या आज ओळखता येतात, कारण त्यांची चित्रे, वर्णने, घडवणाऱ्याचे नाव, साल, माप, सगळे लिहून ठेवलेले होते. आपल्या घरातल्या देवांपैकी किती देवांविषयी एवढे लिहिलेले आहे?

म्हणून एक साधी सूचना करतो. शिक्षकाची सवय आहे, गृहपाठ दिल्याशिवाय तास संपत नाही. या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी देव उजळायला काढाल तेव्हा मुलांना बरोबर बसवा. रोज पूजा होत असो वा नसो, देव देवघरात असोत वा कपाटात. एक वही घ्या. प्रत्येक देवाचे नाव लिहा. दोन भाषांत दोन नावे असतील तर दोन्ही लिहा. तो कोणाबरोबर, कोणत्या गावाहून, कोणाच्या लग्नात घरात आला ते लिहा. धातू कोणता, उंची किती बोटे, कुठे झिजला आहे ते लिहा. आणि त्याची गोष्ट घरातल्या सर्वांत वडील माणसाला सांगायला लावून ती मुलांच्याच अक्षरात उतरवून घ्या. मराठी लिहिता येत नसेल तर ज्या लिपीत येते त्या लिपीत चालेल. वाटणी झाली असेल तर भावाच्या घरी फोन करून त्याच्याकडच्या देवांचीही नोंद त्याच वहीत करा. आमच्याकडच्या वहीत पहिले पान अन्नपूर्णेचे आहे. ती माझ्या आजीबरोबर धारहून आली, तिची पळी झिजून गेली आहे, आणि तिच्यापुढे धान्याची वाटी ठेवायची असते, हे आता आमच्या नातवंडांनाही वाचता येते.